कंस सुरू, कंस बंद!

संगणकाचा पडदा बंद केला, तर आत चाललेला प्रोग्राम थांबतो का? मुळीच नाही! तो आपला हिशेब करतच राहतो. पडदा लागतो आपल्याला, डोळ्यांनी वाचणाऱ्यांना. मग ज्यांना दिसत नाही, त्यांनी प्रोग्राम लिहायला शिकायचं कसं? कानांनी!

त्यासाठी असतो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. बाणाची कळ दाबून ओळीवर गेलं, की तो ती ओळ वाचतो. माउसला सुट्टी, सगळं काम कीबोर्डवर. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवरून बोट फिरवा बरं. बारीक उंचवटा लागला ना? तर्जन्या तिथे टेकवल्या, की बाकीची बोटं न बघता आपापल्या जागी बसतात.

खरी गंमत पुढेच आहे. समजा, संगणकाकडून ‘नमस्कार’ लिहून घ्यायचंय. पायथन भाषेत त्याला एक ओळ पुरते. स्क्रीन रीडर ती ओळ वाचतो, “प्रिंट नमस्कार.” अहो, पण कंस कुठे गेले? अवतरणचिन्हं? गोष्ट ऐकताना अशी चिन्हं गाळलेलीच बरी, नाहीतर डोकं पिकेल! पण प्रोग्राममध्ये एक कंस राहिला, तरी संगणक अडून बसतो. म्हणून नवशिक्यानं आधी स्क्रीन रीडरला सांगायचं, ‘बाबा रे, सगळी चिन्हं वाच.’ आता ऐका, “प्रिंट, कंस सुरू, अवतरण, नमस्कार, अवतरण, कंस बंद.” काही सुटायचं नाही.

पायथनची आणखी एक खोड आहे. ‘पाऊस असेल, तर छत्री घे’ असं काही सांगायचं, तर छत्रीची ओळ थोडी आत सरकवून लिहावी लागते. आता रिकामी जागा ऐकायची कशी? एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरची यावरची युक्ती मला फार आवडते. तो चक्क सूर वाजवतो! ओळ जितकी आत, तितका सूर वर, पेटीवर सा-रे-ग चढत जावं तसा.

हा एनव्हीडीए फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. २००६ मध्ये तो लिहायला घेतला ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं. पुढे त्याचा मित्र जेम्स तेह जोडीला आला, तोही अंध. आणि त्यांनी एनव्हीडीएचा बराचसा भाग लिहिला कशात? पायथनमध्येच!

आपल्या पुण्याचे टी. व्ही. रामन तर त्याच्याही आधीचे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र असं शिकत ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पोहोचले आणि डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. १९९५ मध्ये त्यांनी ‘इमॅकस्पीक’ हे बोलणारं सॉफ्टवेअर लोकांसमोर आणलं. डोळसांना प्रोग्रामचे वेगवेगळे भाग पडद्यावर वेगवेगळ्या रंगांत दिसतात. रामन यांनी त्या भागांना वेगवेगळे आवाज दिले. आज्ञेचा एक, अवतरणातल्या मजकुराचा दुसरा, प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी करून ठेवलेल्या टिपणाचा तिसरा. त्यामुळे अवतरण बंद करायचं राहून गेलं, की पुढच्या ओळी भलत्याच आवाजात बोलू लागतात आणि चोर जागच्या जागी पकडला जातो.