कल्याणच्या बाकावर व्हिएन्नाचा थेंब

सकाळचे साडेआठ. कल्याण पश्चिमेतल्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाचं फाटक अर्धंच उघडलंय. रांग मात्र पार रसवंतीच्या दुकानापर्यंत गेली आहे. कुणी आसनगावहून लोकलने आलंय, कुणी मुरबाडहून एसटीने. शहापूरकडच्या एका पाड्यावरून जीप भरून म्हातारी माणसं आली आहेत. सोबत एकच तरुण. सगळ्यांची आधारकार्डं त्याने रबरबँड लावून हातात धरली आहेत. डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात करू नये, हा जुना समज अजून पुरता गेलेला नाही. तरीही मे महिन्यात एवढी गर्दी आहे. पाऊस पडला की घरातली धडधाकट माणसं शेतात जातील. मग सोबत येणार कोण?

केसपेपरची खिडकी. नाव, गाव, वय. वय विचारलं की आजीबाई शेजारणीकडे बघतात. आगरी, अहिराणी, सिंधी, भोजपुरी, सगळ्या बोली एकाच रांगेत कानावर पडतात. डोक्यावरचा पंखा गरम हवाच फिरवतोय.

आत लांबट खोली. सहा मीटरवर अक्षरांचा उजळलेला तक्ता. पांढऱ्या टोपीतले एक काका वरचं मोठं अक्षरही चाचपडतात. तपासणारी मुलगी उठून त्यांच्यासमोर हात धरते.

"काका, किती बोटं?"

"तीन... नाय, दोन."

ती कागदावर लिहिते आणि पुढच्याला हाक मारते. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध माणसांमध्ये सुमारे ६६ टक्के जणांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे वेळेवर ऑपरेशन झालं, तर यातल्या बहुतेकांना पुन्हा दिसू शकतं. काका बाकावर बसतात आणि टोपी सारखी करतात.

शेजारच्या खोलीत सहा-सात वर्षांचा एक मुलगा मान तिरकी करून बसलाय. आई म्हणते, सवयच आहे त्याची. डॉक्टर त्याचं डोकं हलकेच एका खांद्याकडे झुकवतात, मग दुसऱ्या. दुसऱ्या बाजूला झुकवताच एक डोळा वर सरकतो. कोणता स्नायू दुबळा आहे, याचा तपास या साध्या कृतीतून लागतो. ही चाचणी आल्फ्रेड बिल्शोव्स्की यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रेस्लाऊ विद्यापीठातल्या या ज्यू प्राध्यापकाला नाझी राजवटीत पद सोडावं लागलं. उतारवयात ते अमेरिकेत डार्टमथला गेले आणि तिथे नेत्रसंस्था चालवू लागले. १९४० मध्ये ते वारले. तिरळेपणाचं त्यांचं शास्त्र अमेरिकी डॉक्टर त्यांच्याकडून शिकले.

मुलाला गंमत वाटते. तो आपणच मान पुन्हा झुकवून दाखवतो.

पुढे अंधारी खोली. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. डोळ्यात पिवळं औषध, समोर निळा उजेड. टोकाचा छोटा प्रिझम बुबुळाला टेकतो आणि जेमतेम तीन मिलिमीटरचा भाग सपाट करतो. डॉक्टरला दोन हिरवे अर्धगोल दिसतात. त्यांच्या कडा जुळल्या की डोळ्याचं प्रेशर कळतं. काचबिंदू पकडणारं हे यंत्र हान्स गोल्डमान यांनी १९५०च्या दशकात घडवलं. जन्म बोहेमियातला, शिक्षण प्रागचं, आणि १९२४ पासूनचं सगळं काम स्वित्झर्लंडमधल्या बर्नचं.

अकरा वाजतात. ऑपरेशनवाल्यांना वरच्या मजल्यावर नेलंय. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या वर कपाळावर पेनाची खूण. बाहुली मोठी करायचे थेंब दर थोड्या वेळाने पडतात. डोळे मिटून सगळे ओळीने बसलेत. कुणी जप करतंय. कुणी चहाचं विचारतंय. सिस्टर दुसरी बाटली घेऊन येतात.

"आजी, वर बघा. जरा झोंबेल."

आजी चेहरा आक्रसतात. मिनिटाभराने सिस्टर विचारतात, "आता?"

"आता कायच कलत नाय गो."

अशाच बधिर करणाऱ्या थेंबाने डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं रूप बदललं. त्याआधी रोग्याला चार जणांनी दाबून धरायचं किंवा ईथरने बेशुद्ध करायचं. शुद्धीवर येताना उलटी झाली, तर चिरलेल्या डोळ्याला धोका. १८८४ मध्ये व्हिएन्नात सव्वीस वर्षांच्या कार्ल कोलरने कोकेनचा द्राव आधी बेडकाच्या डोळ्यात टाकला, नंतर स्वतःच्या. मग टाचणीचं डोकं बुबुळाला लावून पाहिलं. काही जाणवलं नाही. १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध मांडला गेला. तिथे जायचे पैसे कोलरपाशी नव्हते; त्याचं टिपण दुसऱ्या डॉक्टरने वाचलं. ऑक्टोबरमध्ये बातमी अमेरिकेत पोहोचली. तेव्हा याच कल्याणात १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकीचं शिक्षण घेत होत्या.

पुढच्या जानेवारीत रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याने कोलरला ज्यू म्हणून हिणवलं. प्रकरण तलवारींच्या द्वंद्वापर्यंत गेलं. हवी असलेली जागा व्हिएन्नाने त्याला दिली नाही. १८८८ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि जन्मभर तिथेच डोळे तपासत राहिला. आजींच्या डोळ्यातलं औषध कोकेनपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. वाट मात्र कोलरनेच दाखवलेली.

आता इंजेक्शन. डोळ्याच्या खाली, बारीक सुई. आजींनी सिस्टरचं मनगट घट्ट धरलंय. डोळ्यामागे औषध टोचून तो बधिर करण्याची सुरुवात १८८४ मध्येच न्यूयॉर्कला हेर्मान क्नाप यांनी केली. हायडेलबर्गची प्राध्यापकी सोडून ते १८६८ मध्ये अमेरिकेत आले होते. वर्षभरात त्यांनी डोळ्यांचं आणि कानांचं रुग्णालय काढलं. गरिबांना उपचार, तरुण डॉक्टरांना शिक्षण आणि इंग्रजी-जर्मन अशा दोन्ही भाषांत निघणारं नियतकालिक, हे सगळं त्यांनी एकदम उभं केलं.

दार उघडतं. आजी आत जातात. पंधरा-वीस मिनिटांनी हिरवा गाऊन, डोळ्यावर पट्टी, हाताला धरून बाहेर. "झालं पन?" त्या विचारतात. पुढचे काका उठतात.

खाली अंधाऱ्या खोलीत शिकाऊ डॉक्टर निळ्या उजेडात डोकावते आहे. ज्येष्ठ डॉक्टर तिचं कोपर दोन बोटांनी सावरतात. "घाई करू नकोस. कडा जुळू देत." ती आकडा सांगते. ते स्वतः बघतात आणि मान डोलावतात. देश सुटला तेव्हा कोलर, क्नाप, बिल्शोव्स्की यांना फार सामान नेता आलं नसेल. हातातलं कसब नेलं, आणि नव्या देशात ते हातचं न राखता दिलं. त्या देण्याचं मोल इथल्या प्रत्येक बाकावर दिसतं. मला ते मोठं वाटतं.

जीपवाला तरुण खिडकीशी वाकलाय. "पाड्यावर अजून चौदा जण आहेत. आणू का?"

"पुढच्या मंगळवारी आणा. बीपी-शुगरच्या गोळ्या सोबत. आणि नाश्ता करवून आणा, उपाशी नको."

तो तळहातावर पेनाने मंगळवार लिहून घेतो.