मोडू नका, दुमडा!



काही दिवसांपूर्वी पाचवीचा एक तास रिकामा होता म्हणून आम्ही स्वतः वर्गावर गेलो. सर्वांना एकेक कागद दिला आणि सांगितले, "मुलांनो, कागदाची मधोमध घडी घाला." अर्धा वर्ग गोंधळला. एकाने आपल्या मनगटाकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, घडी तर मी आणलीच नाही!" सगळे हसले, आम्हीही हसलो. हिंदीतली घडी म्हणजे मराठीतले घड्याळ, हे समजावून झाले तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, मी कागद मोडला." पाहिले तर तिने तो व्यवस्थित दुमडलेला होता! हिंदीत कागद 'मोडतात'. मराठीत पेन्सिल मोडते, खुर्ची मोडते, ठरलेले लग्नसुद्धा मोडते. कागद मात्र दुमडतो.

आम्हाला त्या मुलांचा राग आला नाही. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आहे, आणि लहानपणी आम्हीही कागद 'मोडलेला' आहे. पण त्या तासाला आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती जास्त काळजीची होती. पुष्कळ मुलांना कोपऱ्यावर कोपरा नीट बसवता येत नव्हता. बोटांना सवयच नाही. प्रकल्प म्हटला की तो घरी आई-बाबा करतात, नाहीतर दुकानातून तयार येतो. आणि आम्ही शिक्षक त्यालाच चांगले गुण देतो. ही चूक आमचीही आहे. म्हणून या अंकात कागदाच्या घड्यांविषयी, म्हणजेच ओरिगामीविषयी, थोडे लिहीत आहोत.

ओरिगामी म्हणजे काय?

हा जपानी शब्द आहे. 'ओरि' म्हणजे दुमडणे आणि 'कामी' म्हणजे कागद. शक्यतो एकच चौकोनी कागद घ्यायचा आणि कात्री व डिंक न वापरता केवळ घड्यांनी वस्तू तयार करायची. अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांनी या कलेला आधुनिक रूप दिले. घड्या दाखवण्यासाठी त्यांनी रेघा आणि बाणांच्या ज्या खुणा ठरवल्या, त्यांच्या आधारे आज जगभरची पुस्तके छापली जातात.

बालवाडीचे जनक जर्मनीचे फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकातच कागदाच्या घड्यांना शिक्षणात स्थान दिले होते. त्यावरूनच कल्पना घेऊन टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासहून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात भूमिती कागद दुमडून शिकवली आहे. जर्मनीचे मोठे गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाची दखल घेतली आणि पुढे ते अमेरिकेतही छापले गेले.

आपल्या भागाचेही यात योगदान आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) सरकारी शाळांसाठी 'करून पाहा' पद्धतीचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. अरविंद गुप्ता तरुणपणी, १९७८ साली, त्यात सहभागी झाले. टाकाऊ वस्तूंपासून आणि कागदाच्या घड्यांपासून खेळणी करून विज्ञान शिकवण्यात त्यांनी आयुष्य घालवले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात ते अनेक वर्षे होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आपल्या भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेनेही काढली आहेत. आता तीन सोप्या कृती पाहू.

१. टोपी आणि टोपीची होडी

साहित्य : वर्तमानपत्राचे एक दुहेरी पान.

(अ) पान मधोमध आडवे दुमडा. घडीची बाजू वर ठेवा. 
(आ) वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर एकमेकांना भिडतील असे खाली आणा. 
(इ) खाली उरलेली पट्टी पुढून वर दुमडा, कागद उलटून मागची पट्टीही तशीच दुमडा. टोपी तयार! 
(ई) आता टोपीच्या तोंडात दोन्ही अंगठे घालून ती उघडा आणि विरुद्ध दिशेने दाबून चौकोन करा. पट्ट्यांची टोके एकमेकांत खोचा. 
(उ) चौकोनाचे खालचे टोक पुढून वर न्या, उलटून मागचेही न्या. त्रिकोण होईल. 
(ऊ) पुन्हा अंगठे घालून उघडा आणि चौकोन करा. 
(ए) वरची दोन टोके धरून हळूच बाहेर ओढा. होडी तयार! परातीत पाणी घेऊन सोडून पाहा. मोठ्या तलावात मात्र सोडू नका, तिथे कचरा नको.

२. पाण्याचा पेला

साहित्य : साधारण २० सेंटिमीटर बाजूचा स्वच्छ, न छापलेला चौकोनी कागद.

(अ) समोरासमोरचे कोपरे जुळवून त्रिकोण करा. लांब कड आपल्याकडे ठेवा. 
(आ) उजवे टोक डाव्या तिरप्या कडेवर असे आणा की दुमडलेल्या भागाची वरची कड खालच्या कडेला समांतर राहील. 
(इ) डावे टोक तसेच उजव्या कडेवर आणा. 
(ई) वर दोन त्रिकोण उरतात. एक पुढे दुमडून समोरच्या खिशात खोचा, दुसरा मागे दुमडा. 
(उ) तोंड उघडा. यात पाणी ओतून लगेच पिता येते, आणि शेंगदाणे-फुटाणे तर छानच राहतात.

३. त्रिकोणाचे तीन कोन

हे सहावी-सातवीच्या मुलांसाठी आहे. कागदाचा कोणताही त्रिकोण कापा. सर्वांत लांब बाजू खाली ठेवा. वरचा कोन खालच्या बाजूवर असा आणा की घडी त्या बाजूला समांतर येईल. मग उरलेले दोन कोन त्याच बिंदूपाशी आणा. तिन्ही कोन शेजारी-शेजारी बसून सरळ रेषा भरून काढतात. म्हणजेच तिघांची बेरीज १८० अंश. सूत्र पाठ करण्यापूर्वी ते एकदा हातात येऊ द्यावे.

पालकांसाठी

पहिली विनंती, मुलाच्या हातातला कागद ओढून घेऊ नका. स्वतःचा वेगळा कागद घ्या आणि शेजारी बसून दुमडा. कड वाकडी झाली तर उलगडून पुन्हा करू द्या. प्रत्येक घडी नखाने दाबून पक्की करायला सांगा. निम्मी चूक तिथेच टळते. सुरुवात मोठ्या कागदाने करावी.

दुसरी विनंती आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. सूचना मराठीतच द्या. घडी, कड, कोपरा, टोक, उलटणे, उलगडणे, खोचणे, चुरगळणे हे शब्द पाठ्यपुस्तकातून मुलांच्या तोंडी बसत नाहीत. हात काम करत असताना कानावर पडले की बसतात. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले तेव्हा नागपूरकडून कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त इथे आली. काही त्याहून जुनी आहेत. आज त्या घरांतली तिसरी-चौथी पिढी आपल्या शाळेत आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना होडी जरूर विचारा. त्यांना बंबहोडी, शाईची दौत असे आणखी प्रकार येत असतील, आणि त्या बरोबरचे शब्दही.

विश्वस्त मंडळींना विनंती

या उपक्रमाला निधी लागणार नाही, रद्दी चालेल. आम्हाला हवा आहे तो आठवड्यातून एक तास आणि त्या तासाला येऊन बसतील असे समाजातील चार-पाच ज्येष्ठ. त्यांना शिकवायला बोलावत नाही. मुलांबरोबर दुमडायला आणि बोलायला बोलावतो आहोत. वर्षाअखेरीच्या प्रदर्शनात या वेळी फक्त मुलांनी स्वतः केलेल्या वस्तूच ठेवू, वाकड्या असल्या तरी.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या सोमवारी प्रत्येकाने घरून एक होडी करून आणावी. ती कशी केली हे वर्गात मराठीत सांगावे लागेल. आणि हो, घडी आणायला विसरू नका. म्हणजे कागदाची!

आपले,
प्राचार्य