डोंगरातली गाणी आणि संग्राहकांची चाळण

१९१६ ते १९१८ या काळात इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलिस अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत खेडोपाडी फिरले. शार्प चाली टिपत, कार्पेलिस शब्द उतरवून घेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॉट स्प्रिंग्जच्या एकट्या जेन हिक्स जेंट्री यांनीच त्यांना साठाहून अधिक गाणी दिली. हे धन हाती राहिलं याचं श्रेय शार्प यांना नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण ते इंग्लंडात विरत चाललेली जुनी कथागीतं शोधायला आले होते आणि वहीत बहुतांशी तीच उतरली. घराघरांत म्हटली जाणारी भक्तिगीतं त्यांना फारशी भावली नाहीत, बँजो बाजूला राहिला आणि कृष्णवर्णीय गायकांकडे ते जवळपास वळलेच नाहीत. बँजो तर मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी घडवलेलं वाद्य. कोळशाच्या खाणी, आगगाडी, लाकूड कंपन्या डोंगरात तोवर येऊन ठेपल्या होत्या. शार्प यांचा संग्रह वाचून मात्र ती सगळी दरीखोरी म्हणजे इंग्लंडचाच एखादा विसरलेला तालुका वाटावा. ॲपलेशियन संगीताची आपल्या मनातली प्रतिमा गाणाऱ्यांइतकीच संग्राहकांच्या चाळणीतूनही घडली आहे, ती अशी.

रेकॉर्ड कंपन्यांची चाळण वेगळी, धंद्याची. १९२७ साली व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रण केलं आणि त्यातून कार्टर हे गायक कुटुंब पुढे आलं. त्यातले ए. पी. कार्टर पुढे गाणी गोळा करत हिंडले तेव्हा लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक अनेकदा सोबत असत. कार्टर शब्द लिहून घेत, चाल रिडल यांच्या ध्यानात राहत असे. पण गोऱ्यांचं आणि काळ्यांचं संगीत वेगवेगळ्या याद्यांत विकणाऱ्या बाजारात या जोडीला जागा कुठली? रिडल यांचं स्वतःचं गाणं टेपवर आलं ते १९६०च्या दशकात, लोकसंगीतकार माइक सीगर यांच्यामुळे. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो डॉक वॉटसन यांचा प्रसंग. १९६०मध्ये राल्फ रिंझलर हे संशोधक जुन्या पिढीतले बँजोवादक क्लॅरेन्स ॲशली यांना ध्वनिमुद्रित करायला आले, तेव्हा वॉटसन नाचाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवून पोट भरत होते. रिंझलरना हवी होती साधी, लाकडी गिटार. वॉटसन यांना जुनी गाणी मनापासून येत होती, त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या डोंगराचं १९६०चं खरं संगीत ती इलेक्ट्रिक गिटारही होती.

यावर कुणी म्हणेल, निवड न करता नोंद होतेच कशी? आणि ही मंडळी आलीच नसती तर हाती काय उरलं असतं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. निवडीला माझी हरकत नाही. ती केल्याचं झाकलं, की वाचक तुकड्यालाच अख्खा प्रदेश समजतो. जॉन कोहेन यांनी केंटकीतल्या डेझी गावच्या रॉस्को होल्कॉम्ब यांच्यावर १९६३मध्ये ‘द हाय लोनसम साउंड’ हा माहितीपट केला. त्यात गायकाच्या जोडीला खाणकामगार आहेत, चर्चमधलं गायन आहे. कृष्णधवल चौकटीतलं उदासपण कोहेन यांच्या नजरेचं, पण गाणं कुठल्या जगण्यातून येतं हे कळायला तिथे वाव आहे.

मग नोंदीचं काम गावच्याच लोकांनी करावं का? १९६७मध्ये पूर्व केंटकीत खाणकामगारांचं चित्रीकरण करणारे कॅनडाचे चित्रपटकार ह्यू ओकॉनर यांना एका स्थानिक जमीनमालकानं गोळी घालून मारलं. बाहेरून येऊन फक्त दारिद्र्य टिपून नेणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दलची चीड तिथे साचलेली होती. त्या चिडीनं खुनाचं समर्थन होत नाही. दोनच वर्षांनी जवळच्या व्हाइट्सबर्गमध्ये ‘ॲपलशॉप’ हे माध्यमकेंद्र सुरू झालं आणि डोंगरातली मुलं स्वतः चित्रपट आणि पुढे संगीताच्या रेकॉर्डही करू लागली. पण सुरुवातीचा पैसा सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन मोहिमेतून, म्हणजे बाहेरूनच आलेला. आतला आणि बाहेरचा ही रेघ तितकी ठळक नाही. ॲपलशॉपच्या एलिझाबेथ बॅरेट यांनी पुढे त्या खुनावर ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ हा माहितीपट केला, त्यात त्या स्वतः स्थानिक असूनही हातातल्या कॅमेऱ्याच्या जबाबदारीबद्दल स्वतःलाच प्रश्न विचारतात.