पडद्यावर थांबली, कागदावर पुढे गेली

मालिका : ‘स्टार ट्रेक’, १९६६ ते १९६९, एकूण ७९ भाग. कथेतली पाच वर्षांची अंतराळमोहीम पडद्यावर तिसऱ्याच वर्षी बंद पडली.

आपल्याकडे : ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती दाखवली. नगरपासून मुंबईपर्यंत शेजारपाजारची मुलं एकाच टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांच्या स्पॉकला भेटली.

पहिली कॉमिक्स : गोल्ड की प्रकाशन, १९६७ ते १९७९, ६१ अंक. सुरुवातीच्या इटालियन चित्रकारांनी मालिका पाहिलीच नव्हती. त्यांनी काढलेल्या कर्कच्या ‘एंटरप्राइझ’ यानामागून चक्क रॉकेटसारख्या ज्वाळा निघतात!

राहिलेली गोष्ट : आयडीडब्ल्यू प्रकाशनाची ‘इयर फाइव्ह’ ही कॉमिक्स-मालिका, २०१९ ते २०२१, २५ अंक. मोहिमेचं पाचवं वर्ष अखेर चित्रांतून पूर्ण झालं. अर्ध्यावर सुटलेली गोष्ट चाहत्यांनी मनात जपली, म्हणूनच ती अर्ध्या शतकानंतरही शेवटाला पोचली.