जहाजाची चूल बदलते आहे

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताई जरा रागातच होत्या. त्यांची मुलगी पुण्यात रसायनशास्त्रात पीएचडी करते. विषय काय, तर जहाजाचं इंधन. "पुण्यात ना समुद्र, ना बंदर, मग जहाजाचं कसलं शिकतेय? लग्नाचं वय चाललंय," असं भावकीत बोलतात. म्हणून आज हाच विषय घेतला.

मोठी मालवाहू जहाजं बहुतेक जड तेल जाळतात. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतलं की तळाशी डांबरासारखा गाळ उरतो, त्याचंच हे तेल. तापवल्याशिवाय नळीतून वाहतही नाही. माणसाच्या कामांमुळे हवेत जाणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी साधारण ३ टक्के जहाजांचे. २०५० च्या सुमारास हा भार निव्वळ शून्यावर आणायचं, असं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत २०२३ मध्ये ठरलं.

आता आपला संबंध. नाशिक, जुन्नरची द्राक्षं थंड कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरातून युरोपला जातात. युरोपीय संघाने २०२४ पासून मोठ्या जहाजांना कार्बनचे पैसे भरायला लावलेत. बाहेरच्या देशातून तिथं जाणाऱ्या फेरीत निम्म्या कार्बनचा हिशोब धरतात. कंपनी तो खर्च भाड्यात लावते. भाडं वाढलं की बागेतला भाव दाबायला बघतात, आणि मग विरळणीला, तोडणीला जाणाऱ्या बाईची मजुरी कशी अडते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग दुसरं इंधन का भरत नाहीत? चुलीवरून गॅसवर आलो तेव्हा शेगडी, नळी, सिलिंडरची जागा, सगळंच बदलावं लागलं ना, तसंच आहे. मिथेनॉल स्पिरिटसारखं पातळ असतं आणि उसाच्या चिपाडासारख्या टाकाऊ मालापासूनही करता येतं. 'लॉरा मर्स्क' हे कंटेनर जहाज २०२३ पासून त्यावर चालतंय. पण तेवढंच अंतर कापायला टाकी डिझेलच्या सुमारे अडीचपट लागते. अमोनिया तुम्हाला ओळखीचा, युरिया त्याचाच होतो. त्यात कार्बन नाही, म्हणून जळताना कार्बनचा धूर नाही. पण गळती झाली तर माणसाच्या जिवावर बेतते, आणि भर समुद्रात पळणार कुठं?

तिसरा हायड्रोजन. इथं पुणं येतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीबरोबर हायड्रोजनच्या इंधन घटावर काम केलंय. २०२० मध्ये त्यावर मोटार चालवून पाहिली, ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच बस दाखवली. पुढे कोचीन शिपयार्डने ५० माणसांची, २४ मीटर लांबीची बोट बांधली, तिचा घट केपीआयटीचा. २८ फेब्रुवारी २०२४ ला तिचं उद्घाटन झालं.

या घटात जाळ नसतो. पातळ पडद्याच्या एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा. मधे वीज तयार होते, बाहेर पाणी आणि थोडी ऊब येते. मात्र पडद्यावर प्लॅटिनमचा लेप लागतो आणि ते फार महाग. ताईंची लेक वर्षानुवर्षं करते काय, तर प्लॅटिनम कमी वापरून घट तेवढाच टिकतो का, हे तास-तास चालवून तपासते. दहा लेप फसले की अकरावा लावायचा. आपण पापडाचं पीठ बिघडलं की पुन्हा प्रमाण बदलून बघतो, तेच. फक्त तिचं पीठ फार महागाचं.

ताईंनी लेकीला विचारलं, "अगं, पण हायड्रोजन आणता कुठून?" मला हा प्रश्न फार आवडला. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच होतो, म्हणजे धूर कारखान्यात निघतो, बोटीत नाही. सौरविजेने पाणी फोडून केलेला स्वच्छ असतो, पण महाग पडतो. शिवाय मोठ्या जहाजासाठी तो पातळ करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत गार करावा लागतो. म्हणून सध्या तो मुख्यतः जवळच्या अंतराच्या बोटींनाच जमतोय. द्राक्षं नेणारं जहाज मिथेनॉलवर जाईल की अमोनियावर, यावर जगभर अजून वाद चालू आहे.