पाण्यातलं देऊळ आणि जमिनीखालची नहर

बीडमधलं कंकालेश्वराचं देऊळ पाण्यात बांधलेलं आहे. पाण्याकाठी नव्हे, पाण्यात. दगडी बांधणीचं मोठं चौकोनी कुंड, त्याच्या मधोमध चालुक्य शैलीतलं देऊळ आणि काठावरून तिथवर नेणारी अरुंद वाट. टँकर, दुष्काळ आणि ऊसतोड एवढ्यावर ज्या जिल्ह्याची बातमी संपते, त्याच्या मुख्य गावी हे असं देऊळ असावं याचं नवल वाटतं. ते नवल मनात ठेवूनच गाव बघायला निघावं.

देवळाला तीन गाभारे आहेत आणि पाया तारकाकृती. त्यामुळे भिंत सरळ जातच नाही, दर दोन पावलांवर वळते. प्रत्येक कोनावर उजेड वेगळा पडतो आणि बाहेरची शिल्पं सकाळी एक दिसतात, उतरत्या उन्हात दुसरीच. महाशिवरात्रीला इथं जत्रा भरते आणि तेव्हा दर्शनाच्या रांगेपलीकडे काही दिसत नाही. एरवी आलात तर आधी कुंडाला काठाकाठाने एक फेरी मारावी, मग आत शिरावं.

गाव वसलं बिंदुसरेच्या आधाराने. बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी गावाला मधोमध चिरत उत्तरेला सिंदफणेला मिळते. एका काठाला जुनं शहर, पलीकडे पेठ बीड. तटबंदी आता तुकड्यांतच शिल्लक असली तरी राजुरी वेस, माळीवेस, कोतवाली वेस ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असतात. किल्ल्याच्या भागातली जामा मशीद जहांगीरच्या काळात जान सिपारखानाने बांधली. वर्षातला बराच काळ नदीत धार कमी आणि कचरा जास्त दिसतो. पण तिला मेलेली समजू नये. २३ जुलै १९८९ ला तिला अचानक पूर आला आणि काठच्या वस्त्याच वाहून गेल्या. गावातली जुनी माणसं अजूनही त्या पुराच्या अलीकडचं आणि पलीकडचं असा काळ मोजतात.

एके काळी बीडची छागल नावाजलेली होती. छागल म्हणजे प्रवासात पाणी बरोबर न्यायची चामड्याची पिशवी. पाण्याची भांडी घडवणारं गाव पाणी जपणारंही असणार, असं मी म्हणतो ते उगीच नव्हे. त्याचा पुरावा शहराच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर आहे.

तिथं खजाना विहीर आहे. सोलापूर रस्त्याने जाताना लांबून काहीच दिसत नाही. ना कळस, ना मिनार. जवळ गेल्यावर जमिनीत उतरलेला तो प्रचंड गोल घेर नजरेत भरतो. हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमारास ती बांधली गेली. तेव्हा अहमदनगरच्या गादीवर मुर्तझा निजामशहा होता आणि बीडची जहागीर सलाबतखानाकडे. बांधकामाची आखणी राजा भास्कर नावाच्या कारागिराची. नावाची गोष्ट बीडमध्ये चवीने सांगतात: शहाने खजिन्याचा हिशेब मागितला, तेव्हा सलाबतखान म्हणाला, खजिना विहिरीत आहे. गोष्ट खरी असो वा नसो, हिशेब चोख वाटतो.

खरी करामत मात्र खाली आहे. विहिरीला तीन भुयारं आहेत. दोन भुयारांतून जमिनीत मुरलेलं पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून ते बाहेर पडतं. ही तिसरी वाट म्हणजे जमिनीखालून नेलेली नहरच. तिचं पाणी पुढे बलगुजार भागातल्या शेतांना मिळायचं. ना मोट, ना रहाट, ना बैल. सगळं काम उतारावर सोपवलेलं. विहिरीचं पाणी ना चढतं ना उतरतं, असं लोक कौतुकाने सांगतात. त्यामागे चमत्कार शोधायची गरज नाही. बाहेर जाणाऱ्या भुयाराचं तोंड ज्या उंचीवर आहे, त्याच्या वर पाणी साठत नाही, आणि झरे चालू आहेत तोवर ते फारसं खालीही जात नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी ही पातळी कोणत्या साधनांनी साधली असेल, हे मला त्या खजिन्याच्या गोष्टीपेक्षा मोठं कोडं वाटतं. औरंगाबादची नहर-ए-अंबरी मलिक अंबरने त्यानंतर तीसएक वर्षांनी काढली. तिथल्या पाणचक्कीपुढे उभं राहून फोटो काढणाऱ्यांपैकी बीडला वाकडी वाट करून येणारे फार थोडे, आणि त्यात बीडकरांचाही थोडा दोष आहेच. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला ते हॉटेल दाखवतात, विहीर नाही.

पूर्वेच्या टेकड्यांवर खंडोबाचं देऊळ आणि शहेनशाह वलींचा दर्गा आहे. खंडोबापुढच्या दोन अष्टकोनी दीपमाळा सत्तर फुटांच्या. देऊळ सुलतानजी निंबाळकरांनी बांधलं असं काही म्हणतात, काही महादजी शिंद्यांचं नाव घेतात. इथून उतरत्या उन्हात गाव, नदी आणि मागचा बालाघाट एका नजरेत येतो आणि पाणी कुठून कुठं जातं ते नकाशाशिवाय कळतं.

गावाच्या वरच्या बाजूला पालीजवळ १९५० च्या दशकात बिंदुसरेवर धरण झालं. शहराची तहान वाढली तसं ते पुरेना, म्हणून माजलगाव धरणातून नळयोजना आली. माजलगावचं धरण सिंदफणेवर. म्हणजे बिंदुसरेचं जे पाणी गावातून घाण होऊन उताराने निघून जातं, त्यातलंच काही पंपांनी चढावर ओढून, विजेचं बिल भरून आपण परत आणतो. सलाबतखानाच्या कारागिराला हे समजावून सांगणं अवघड गेलं असतं.

बघायला यायचं तर पावसाळा सरता सरता यावं. कुंड तेव्हा भरलेलं असतं आणि डोंगर हिरवे. खजाना विहिरीकडे मात्र ऐन मे महिन्यात, गावात नळाला पाणी येण्याचा वार विचारत लोक फिरत असतात, तेव्हा जावं.