झांजेच्या ठेक्यावरचं तारण

ख्रिस्ती गीत म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे ऑर्गन आणि विलायती चाल येते. शिरूर-दौंडच्या पट्ट्यातल्या मराठी उपासनेत मात्र पेटी, तबला, झांजा निघतात आणि गाणं अभंगाच्या वळणावर जातं.

सुरुवात अशी नव्हती. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. पुढे घोडनदीचं शिरूरही त्यांचं ठाणं झालं. पहिली गीतं बरीचशी परक्या चालींवर बसवलेली. चालीचा जोर पडायचा ऱ्हस्व अक्षरावर, दीर्घ अक्षर आखडायचं, आणि अर्थ बाजूलाच राहायचा. कृष्णराव सांगळे यांच्या पदांनी आणि कीर्तनांनी हे बदलू लागलं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला थेट तुकोबांच्या छंदात आणलं. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात एकट्या टिळकांची अडीचशेच्या आसपास गीतं आहेत. त्यांचा ख्रिस्त न्यायाधीश कमी, माउली जास्त. मला तरी त्यांची खरी ताकद तिथेच दिसते.

दौंड तालुक्यातलं केडगाव मला यापेक्षा मोलाचं वाटतं. पंडिता रमाबाई पुराणिकाच्या घरातल्या. लहानपणीच संस्कृत श्लोकांचं भांडार त्यांना मुखोद्गत झालं होतं. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावात त्यांच्या आसऱ्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथे दोनेक हजार जणी होत्या. घरदार गमावलेल्या, बहुतेक निरक्षर, काही अंध. अशांच्या हाती पुस्तक देऊन काय उपयोग? अभंगाला पुस्तक लागत नाही. पुढची एक ओळ म्हणते, मागच्या तीच उचलतात, धृपद फिरून फिरून येतं. चौथ्या खेपेला नवखीही गाऊ लागते. दु:ख, क्षमा, तारण ही प्रवचनातली जड जड तत्त्वं अशीच तोंडपाठ होतात. 1905 मध्ये इथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल लिहिणारे प्रार्थनेबद्दल भरभरून लिहितात. सामूहिक गायनाची ही रोजची शिस्त मात्र त्यांच्या हातून सुटते.

रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवादही मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. आज तो वाचणारे थोडे, टिळकांची पदं म्हणणारे पुष्कळ. तरुणांच्या सभांत कीबोर्डवरचे हिंदी कोरस वाढले आहेत खरे, पण अंत्यविधीला वडीलधारे अजून ‘उपासना संगीत’च मागतात.